स्थानिक पालक

बुधवारी सकाळी परिपत्रक आलं:
सदर देशासाठीचं टपाल पुढील आदेशापर्यंत स्वीकारू नये.
मीच शिक्का मारला, मीच काउंटरच्या काचेला चिकटवलं
आणि पायाशी ठेवलेला माझाच डबा
पिशवीत परत टाकला.
धपाटे, शेंगांची चटणी, येसर.
वर पत्ता उत्पलाचा, माझ्याच अक्षरात.

दुपारी विद्यापीठातून फोन. मॅडम, नारीनला घेऊन जाता का,
वसतिगृहात आता तिची जबाबदारी आम्ही...
वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.
जूनमध्ये मी फॉर्मवर सही केली होती,
स्थानिक पालक: नाव, पत्ता, मोबाईल.
'नाते' या रकान्यात एक आडवी रेघ.
तिकडं उत्पलाच्या फॉर्मवर तिच्या आईनं केली,
चिमणी मातीत नाचून जावी तशी सही.

ज्वारीवर काम करते ही पोरगी.
दाणे इंजेक्शनच्या बाटल्यांत भरून, नंबर टाकून.
कपडे राहू दे, बाटल्या न्यायच्या म्हणाली. नेल्या.
स्कार्फ मी बांधला तिच्या तोंडाला, वर गॉगल.
वसमत रोडचं डांबर पायाला धरत होतं.
उन्हाळ्यात परभणीत सगळ्याच पोरी अशा,
स्कूटीवर मागं बसलेली कुणाची कोण,
देवालाही उतरवून विचारावं लागेल.

जगात जर्मनी, भारतात परभणी,
आल्या दिवशी शिकवलं होतं तिला, पोट धरून हसली होती.
आज सिग्नलला तीच म्हणाली, हळू, माझ्या पाठीशी,
आणि पुढं बोलली नाही.

घरी डबा फोडला. उत्पलाचे धपाटे तिनं खाल्ले.
एक घास मला वाटलं (लिहू नये, पण वाटलं)
ही खायली, आणि ती तिकडं...
मग उठून पाणी आणलं.

रात्री नऊला गल्लीत पोरं आली, पाच-सहा.
एकाच्या हातात झेंड्याविना नुसतीच काठी.
पुढं दुधाट्यांचा वैजनाथ.
याचे भरतीचे अर्ज मीच रजिस्टर करते दरसाल,
मागल्या खेपेला बारा रुपये कमी पडले तेही मीच घातले.
"काकू, घरात कोण हाय?"
"उत्पला," म्हटलं.
आत भांडं पडलं.
त्याला ठाऊक होतं उत्पला कुठंय.
स्टेशनवर तिची बॅग त्यानंच डब्यात चढवली होती.
माझ्या मागच्या पडद्याकडं बघत राहिला.
"कधी आली?"
"परवा."
"बरं. दार लावून घ्या."
आणि वळून, "चला रे, हितं कोणी न्हाई."

साडेबाराला मेसेज, नारीनच्या आईचा.
आम्ही दोघी मोबाईलच्या भाषांतरातून बोलतो,
त्यामुळं आमच्या बोलण्याला आडपडदा नसतो, व्याकरणही:
"मुलगी ठीक. मुलगी पालक खात नाही.
पासपोर्ट पिठात ठेवला.
शेजारणी विचारतात, मी सांगते नारीन परत आली.
घसा बसला सांगते. मुलगी तीन दिवस मुकी."

तीनदा वाचलं.
आत नारीन झोपलेली, उत्पलाची चादर डोक्यावरून,
उशाशी बाटल्या ओळीनं.

उत्तर लिहायला घेतलं.
"तुमची मुलगीसुद्धा इथं" लिहिलं, खोडलं.
आभार लिहिलं, ते तर फारच वाईट दिसलं.
शेवटी पाठवलं:
पालक नका देऊ. भाकरी जमती का बघा.
ज्वारी नसेल तर मक्याची चालते तिला,
दूध घालून, गरम असताना.

एक टिक.
नळाला पाणी आलं, पेपरवाला येऊन गेला.
एकच टिक.