जोडाघर

पो नदीच्या सपाट मैदानात, जिथे पूर्वी
ट्रॅक्टरचे सुटे भाग ठेवायचे,
त्या पत्र्याच्या शेडवर आता निशाण साहिब आहे.
धुक्यात तेही दिसत नाही;
लोक डाळीच्या फोडणीवरून दार ओळखतात.

बचित्तर सिंग दाराशी बसतो. जोडे घेतो, बिल्ला देतो.
बावीस वर्षं गोठ्यात काढली, आता गुडघे धरलेत,
म्हणून ही बसून करायची सेवा.
तोंडाकडे फारसं बघत नाही तो.
तोंडं काय, सत श्री अकाल म्हणतात आणि हसतात.
जोडे हसत नाहीत.

रात्री दोनच्या धारेला जाणाऱ्यांचे रबरी बूट
टाचेला ओलं शेण घेऊन येतात:
म्हणजे काम आहे, गावी पैसे जाताहेत.
चीजच्या कारखान्यातल्यांचे पांढरे, आंबूस वासाचे.
करकरीत नवे सँडल दिसले, की कुणाची तरी मुलगी बघायला आलेत.
आणि एर्मिनियाबाईंच्या लोकरी सपाता,
नवरा गेल्यापासून दर रविवारी.
भिंतीला टेकून पंगतीत बसतात.
अरदास कळत नाही त्यांना. कढी कळते.

जानेवारीत हरभेजचे बूट
सलग तीन रविवार कोरडे आले.
पुसलेले नव्हेत. कोरडे.
बचित्तरने एक्केचाळीस नंबरचा बिल्ला दिला
आणि त्याच्या पाठीमागून लंगरच्या खिडकीकडे
नुसती दोन बोटं वर केली.
निघताना हरभेजच्या हाती पिशवी:
पीठ, कांदे, तेलाची बाटली.
त्याने विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.
पुढच्या खेपेला, वर, गुरमुखीच्या वर्गात
पोरं ऊडा-ऐडा घोकत असताना
बारा वर्षांची जसलीन त्याचा अर्ज भरत होती, इटालियनमध्ये,
आणि एर्मिनियाबाई नाकावर चष्मा ओढून
तिच्या चुका काढत होत्या.

फेब्रुवारी गेला. बूट कोरडेच.

संगतीच्या पायांची धूळ कपाळी लावावी, म्हणतात.
बचित्तर संध्याकाळी खण झाडतो,
सुपलीतलं बघतो, म्हणतो, अर्धं तर शेणच आहे हे,
आणि मागच्या मेथीच्या वाफ्यात नेऊन टाकतो.

काल एक्केचाळीसच्या खणापाशी
त्याचा झाडू थांबला.
बोट लावून पाहिलं. ओलं.
मग हात न धुताच
बराच वेळ तो स्टुलावर बसून राहिला,
बाहेर मुलं बिल्ल्यांचा आवाज करत होती,
त्यांना ओरडलाही नाही.