अपुरी प्रवासीसंख्या

कुळे स्टेशनच्या बाकावर
रोज सकाळी मी वही उघडतो.
सात-दहाची पॅसेंजर
यायची थांबली त्याला चौथं वर्ष.

आमच्या अर्जाला वरून उत्तर आलं:
'प्रवासीसंख्या अपुरी असल्याकारणाने.'
म्हणून मोजतोय.

पिएदाद, तिरफळांची पिशवी, मडगाव बाजार.
शाणू वेळीप, डायलिसिस, आठवड्यातून दोनदा.
देसायांची थोरली, बी.कॉम. शेवटचं वर्ष,
दोन बशी बदलून पोचते
तोवर हजेरी झालेली.
एक कोंबडा, पायाला सुतळी. (हा धरावा की नाही?)

कोळशाची गाडी मात्र चुकत नाही.
अठ्ठावन्न वाघिणी, तेही मोजलं.
घाट चढायला मागून तीन इंजिनं रेटतात.
फलाट हलतो, चहा हलतो,
पानावर काळी भुकटी बसते.
फुंकली, तर पिएदाद पुसट झाली.

इनास कुतिन्यो रिटायर्ड गँगमन,
चौतीस वर्षं रूळ ठोकलेला.
गाडी आली की अजून बाजूला सरून उभा राहतो,
हात वर, त्यात बावटा नसतो.
सही मागितली तेव्हा म्हणाला होता,
मी कसला प्रवासी?

आज शेवटची वाघीण गेली,
तो येऊन बाकावर टेकला.
'म्हजें नांव बरय.'
कुठपर्यंत?
'चांदर.'
काम?

बराच वेळ रुळांकडे बघत राहिला.
'काम कसलं. बसून जायचंय एकदा.'
मी लिहिलं.
त्यानं वाकून वाचलं, बोट ठेवलं,
'खिडकीपाशी. तेंय बरय.'