रकाना सहा

मस्टर गुजरातीत लिहायचं,
बेरीज मात्र तोंडातल्या तोंडात मराठीतच होते,
एकोणतीस वर्षं. रावपुऱ्यातल्या शाळेच्या पाढ्यांची सवय.
कारेलीबागेतली कचेरी, वनखातं,
पंखा माझ्याहून जुना.

रकाना एक, अनुक्रमांक. दोन, नाव:
खातरभाई उबडियाभाई वसावा.
तीन, गाव. तो विचारायचा,
धरणाआधीचं सांगू की नंतरचं? आणि हसायचा.
मी नंतरचं लिहायचे.
सहा: कुशल, अर्धकुशल, अकुशल.
लागू नसेल ते खोडा.

पहिल्या दिवशी मी दोन शब्द खोडले
आणि मान वर केली नाही.
मागे रांग होती.

मग एका मार्चात मला काठावर पाठवलं,
पंचनाम्याचे कागद घेऊन.
विश्वामित्री, समाच्या मागे.
वर गॅलऱ्यांतून वाळणारे टॉवेल,
खाली गाळ, जलपर्णी, गणपतीची एक लाकडी चौकट.
खातरभाईनं चपला काढल्या,
देवळाबाहेर काढतात तशा नव्हे,
जमीन कळावी म्हणून.
टाचेनं दाबत दाबत गेला नि थांबला.
"इथं. वीतभर खाली. दहा दिवसांची अंडी."
साहेबांनी विचारलं, कशावरून?
"उकरलेली माती परत बसते, साहेब,
पण रुसल्यासारखी बसते."
साहेबांनी वहीत लिहिलं: माती मऊ.

मगरींची मोजणी रात्री.
टॉर्च फिरला की पाण्यावर निखारे, जोडीजोडीनं.
दोन निखाऱ्यांतल्या अंतरावरून तो लांबी सांगायचा:
ही माझ्या धाकट्याएवढी,
ती गाडीच्या जुवाएवढी.
आम्ही त्याचे मीटर करून घ्यायचो.
पण रात्रीला रकाना नाही.
रोजंदारी म्हणजे रोज, रोज म्हणजे दिवस;
रात्र कामावर आली होती
हे मस्टरला कळत नाही.

पुढं आराखडा आला.
काठ सरळ करायचा, फरशी, बाकं, दिवे.
त्यात 'स्थानिक आदिवासींचा सहभाग' असं एक पान होतंच,
म्हणून त्याला सभेत बसवलं.
खुर्ची, पाण्याची बाटली, भजी, फोटो. सही.
सही झाल्यावर तो उठला, भिंतीवरच्या नकाशाशी गेला,
बोटानं सात जागा दाखवल्या. इथं, इथं, इथं.
बोटाला तेल होतं.
नकाशावर सात डाग राहिले.
कुणीतरी म्हणालं, नवी प्रिंट काढा.

जुनी माझ्या कपाटात आहे.

त्या महिन्यात मी सहाव्या रकान्यातले
दुसरेच दोन शब्द खोडले.
शाई वाळेपर्यंत बघत बसले.
तीन महिन्यांनी ऑडिट आलं,
लाल पेन्सिलीचं वर्तुळ, बाजूला: प्रमाणपत्र?
रोजी एकवीस रुपये फरक, वसूल करा.
माझ्याकडून नव्हे. त्याच्याकडून.
तीन हप्त्यांत कापले. मीच कापले.
तिसऱ्या हप्त्याला त्यानं विचारलं,
"म्हणजे बाई, तीन महिने मला येत होतं,
ते आता विसरायचं का?"
मी पैसे दोनदा मोजले.
बरोबर होते.

गेल्या मोजणीत टॉर्चनं चाळीस दाखवल्या.
खातरभाई म्हणाला, एक्केचाळीस.
"ती बिळात आहे. तुमच्या वेळेला नाही यायची बाहेर."
रजिस्टरात चाळीस.

संध्याकाळी काळाघोड्याच्या पुलावर रिक्षा अडकते.
लोक कठड्यावरून वाकतात, कुणी पाव टाकतं.
मला दिसत काहीच नाही. काळं पाणी,
त्यात पुलाचे दिवे, तेही जोडीजोडीनं.
मी चाळीस लिहिल्यात.
हातचा एक धरते,
तेवढ्यात रिक्षा सुटते.