चादरीखालचे तीन

सांगलीत गणपती पेठेत, हळदीच्या गोदामावरच्या खोलीत
दर रविवारी आम्ही तिघं भांडतो.

बाहुबली मगदूमचा अ‍ॅम्प्लिफायर व्हॉल्व्हचा.
तापायला वीस मिनिटं घेतो,
तोवर बाहुबली त्याच्याकडं बघतो
चुलीवरच्या दुधाकडं बघावं तसं.
"ऊब आहे रं आवाजात."
"ऊब पायजे तर घोंगडं घे," नदाफ म्हणतो.
त्याचा ट्रान्झिस्टरचा. ट्रान्सफॉर्मर असा
की वर चढवताना जिन्याची पायरी गेली,
ती अजून बसवलेली नाही.
माझा क्लास डी, तळहाताएवढा.
दोघं त्याला खेळणं म्हणतात.
मी म्हणतो, लाइट बिलं काढा.

शेवटी ठरलं, चादर टाकायची.
मगदूमवहिनी तारा बदलणार,
आम्ही भिंतीकडं तोंड करून बसायचं, शाळेत शिक्षा व्हायची तसं.
घरघर नको म्हणून पंखा आधीच बंद.

सूर आला.
"व्हॉल्व्ह!" बाहुबलीचे डोळे ओले.
"ढोलकी बघ कशी आवळून धरलीय. माझाच," नदाफ.
मला तर स्वच्छ क्लास डी ऐकू येत होता,
टाळाचा कण अन् कण वेगळा.

वहिनी म्हणाल्या,
"अजून एक पिन लावली नाही मी.
लाइट जाऊन पाव तास झाला.
खाली हमालांचा रेडिओ चाललाय, सेलवरचा."

कुणी काही बोललं नाही.
भडंग तेवढं वाजत होतं, तिघांच्या दाढांत.

मग बाहुबली हळूच खिडकीतून वाकला,
"ओ मामा,
त्यात सेल कुठल्या कंपनीचे घातलेत?"