सतराचा पाना

गोल झालेला बोल्ट पाहिलाय कधी?
सहाही कोपरे गेलेले,
अंग चकचकीत,
आणि पकड म्हणून कुठेच नाही.
आमचे सदानंदकाका असेच झाले होते शेवटी शेवटी.
इतक्यांनी इतक्यांदा चुकीच्या मापानं फिरवलेले
की काही विचारलं तरी नुसते हसायचे.

तर तसा बोल्ट, मोटरसायकलच्या पोटाखाली,
जुनं तेल जिथून सोडतात तिथे.
मीच केला तो तसा.
लाल पेटी, बेचाळीस नग, सहाशे नव्वद रुपये,
प्रत्येक पान्याला आपापला खळगा,
उघडली की दागिन्यांचा डबा.
पहिल्याच जोराला सतराच्या पान्यानं जबडा वासला.
लोखंड की चिक्की, कळेना.
माझी बोटं सायलेन्सरवर, सायलेन्सर तापलेला,
आणि वरच्या गॅलरीतून पटवर्धनवहिनी:
"अहो, मेकॅनिकला का नाही देत?"

का नाही देत.
अश्फाक आता कोपऱ्यावर नाही,
तिथे मोमो मिळतात.
कंपनीच्या सेंटरात गाडी काचेपलीकडे नेतात
आणि आपण सोफ्यावर पाणी पीत बसतो
ऑपरेशनच्या दारात बसावं तसे.
शिवाय बत्तीस वर्षं ट्रेझरीत दुसऱ्यांची बिलं पास केली;
एखादी गोष्ट स्वतःच्या हातानं सैल करून
पुन्हा घट्ट करून पाहायची होती.
वहिनींना म्हणालो, "वेळ जातो."

सियागंज, शनिवार, सकाळचे अकरा.
पोह्यांवरचं जिरावन अजून बोटांना.
मुर्तजाभाईंचं दुकान सहा फूट रुंद,
आत किती खोल ते त्यांनाच ठाऊक.
जबडा वासलेला पाना मी काउंटरवर ठेवला,
मेलेला उंदीर ठेवावा तसा.
त्यांनी दोन बोटांत धरला, टिचकी मारली,
सोनेरी काठाची टोपी जरा सरकवून कान दिला.
"भिया, ये तो गूँगा है."
मग आतून एक रिंगपाना आणला,
तेलकट कागदातला, काळसर, बिनझगमगीचा.
टिचकी मारली
आणि तो बोलत राहिला,
हातगाडीवाल्यांच्या भांडणातूनही ऐकू येईल इतका वेळ.

"किती?"
"तीनशे ऐंशी."
माझ्या डोक्यात ट्रेझरी सुरू झाली:
पेटीतला एक नग सोळा रुपये त्रेचाळीस पैसे.
"पूर्ण सेट दाखवा," मी जिद्दीनं म्हणालो.
लोकमान्यनगरच्या गिऱ्हाइकांनी शिकवलेल्या मराठीत ते म्हणाले,
"सेट कशाला? दहा, बारा, चौदा, सतरा.
बाकीचं, बोल्ट मागेल तेव्हा या."

"आणि तो गोल झालेला? याने निघेल?"
"नाही. त्याला छिन्नीच.
नवा लावाल ना, तर पहिले चार आटे बोटांनी.
पाना सगळ्यात शेवटी."

रविवारी छिन्नीनं तासभर मारामारी.
निघाला तेव्हा तो जायफळाएवढा, तसाच खरबरीत,
आणि काळं तेल जुन्या परातीत असं पडलं
की मी बघतच बसलो.
नवा बोल्ट बोटांनी धरला.
एकदा तिरका गेला. मागे घेतला.
दुसऱ्यांदा आटा आट्याला सापडला.
त्या क्षणाला काय म्हणतात मला माहीत नाही.
मग पाना. बसला, डुगडुगला नाही.
पाव वळसा, अजून जरासा,
आणि हाताला आतून कोणी म्हणालं, पुरे.
जोर होता अजून. नाही लावला.

वहिनी कठड्यावरून वाकल्या:
"आमच्या कुकरचा दांडा हलतोय हो."
"नट आहे की स्क्रू?" मी विचारलं.
त्या बघायला आत गेल्या.

लाल पेटीत सतराचा खळगा रिकामा आहे.
नवा त्यात मावत नाही, जाड आहे.
खिडकीच्या खिळ्याला टांगलाय.
सकाळी कचरागाडी गल्लीत वळली
की गजाला लागून किंचित वाजतो.