कंपनीचे आणि हे

वहीत दोन रकाने पाडले: कंपनीचे. आणि हे.
ह्यांना नाव नाही. पाकिटावर एक गरुड छापलाय,
बदकासारखा दिसणारा,
आणि किंमत, चार पंख्यांची मिळून चारशे वीस.
तेवढ्यात कंपनीचा एकसुद्धा येत नाही.

कंपनीचा एक गेला मार्गशीर्षात,
गावखडीच्या हळदीला, सुरूच्या बनात.
नवरीची आत्या म्हणाली, गो बाय, पाखरू मेलं काय तुझं?
म्हटलं, नाही, नख तुटलंय.
नवा कोल्हापूरहून यायला बारा दिवस लागले.
तोवर दोन सुपाऱ्या हातच्या गेल्या.

म्हणून आज पूर्णगडच्या सड्यावर मोजमाप.
एकाच दिवशी घेतलेल्या दोन बॅटऱ्या,
उंची चाळीस मीटर,
आणि वारा तोच म्हणावा तर वारा कुणाचा नोकर?
मतलई संपत आलेली, खारा अजून दर्यात तोंड धुतोय,
मधला पाऊण तास काय तो निःपक्षपाती.
घड्याळ उझैरच्या हातात. तो नववीत आहे आणि
सेकंदसुद्धा उधार देत नाही.

कंपनीचे: बावीस मिनिटं, चाळीस सेकंद.
आवाज, बाटलीत कोंडलेली गांधीलमाशी.
चित्र स्थिर. मुचकुंदीचं मुख, वाळूचा दांडा,
कुणाच्या तरी परड्यात वाळत घातलेलं लुगडं,
त्याचा काठही ओळखू यावा.

हे: वीस मिनिटं, पाच सेकंद.
आवाज कमी. खरंच कमी.
दार लोटून घेतल्यावर वरच्या वाडीतली गिरणी
येते ऐकू, तेवढाच.
पण क्षितिज थरथरत होतं,
चहाच्या वाफेपलीकडे धरलेल्या दोऱ्यासारखं.

उझैरचे आजोबा, होडेकरचाचा, जेटीवर बसतात.
पायाशी पितळेचा पंखा, तीन पात्यांचा,
खडकाला लागून एक पातं कानासारखं मुडपलेलं.
त्यांचा स्वतःचा डावा कान डिझेलनं खाल्ला.
म्हणून ते ऐकायला कान पुढे करत नाहीत,
बोट करतात.
उझैरनं ड्रोन डोक्यावर धरला, मी मोटर फिरवली,
चाचांनी खालून बोट टेकवलं, डोळे मिटले.
"ह्यो लंगडतो," म्हणाले.

मग चिमट्यात धरलेली शिवणाची सुई.
सुईवर कंपनीचा: आडवा,
पाणसळीतल्या बुडबुड्यासारखा मधोमध.
सुईवर हा: कलला, हळूच,
मत कुणाला द्यायचं ते आधीच ठरवून आलेल्या माणसासारखा.
नखाएवढा पॉलिशपेपर. जड पात्याच्या पाठीवर चार वेळा,
फुंकर, परत सुई, परत दोन वेळा.
असे चारही.
पैसे किती, विचारलं.
"होडीच्या पंख्याचे घेतो. ह्यो तर माशीचा."

संध्याकाळी पुन्हा उडवलं. क्षितिज जागेवर बसलं.
मिनिटं वीसच राहिली. ती काही पॉलिशपेपरनं वाढत नाहीत.

आणि तेवढ्यात काकण आली.
उतारावरच्या रायवळ आंब्याच्या शेंड्यावर तिचं घरटं.
कंपनीच्या पंख्यांना ती लांबूनच ओळखते,
ओरडते, नख्या पुढे काढून येते,
मी खाली घेते, असा आमचा दोघींचा करार.
आज तिनं मानसुद्धा वळवली नाही.
दोन हातांवरून गेली, तोंडात मासा,
पडद्यावर तिच्या पोटाचं पांढरं मावेना.
माझ्या तळहाताला घाम.

गोंगाट करणारा निदान येतोय असं सांगून तरी येतो.

वहीत तिसरा रकाना पाडला. वर लिहिलं, काकण.
खाली काय लिहायचं ते सुचेना.
"ताई, वीस टक्के," उझैर म्हणाला.
उतरवलं. पात्यांवरचं मीठ ओल्या फडक्यानं पुसलं.

उद्या आंबोळगडला बारसं आहे, अंगणावरून शूट हवंय.
बाळ नुकतंच झोपलेलं असणार. हेच लावीन.
पण तिथेही माडांमागे एक जोडी आहे म्हणतात.