टाके

रात्रपाळी संपताना सगळे कॉफीला गेले,
तेव्हा मासळीच्या काट्यावर
मी एप्रन वर करून, कमरेत वाकून
नुसता डावा टेकवला.
पत्रा थंडगार. नऊशे दहा.
बर्फाचं वजन वजा करायची सवय हाताला;
यातून काय वजा करायचं ते कळेना.

इसाफ्योर्दुरचं विमान वाऱ्यापायी दोनदा रद्द झालं.
तिसऱ्यांदा उडालं, आणि राजधानीत
थोर्गेरदुर माझ्यासमोर बसली,
बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या.
खांद्यावरचे हे वळ कधीपासूनचे?
तेराव्या वर्षापासूनचे.
मान? बोटांना मुंग्या? सिगरेट?
रोज चार.
आधी सहा आठवडे एकही नको, म्हणाली,
रक्त टोकापर्यंत पोचायला हवं.
आणखी मूल?
बेचाळीस वर्षांची आहे मी.
तरी 'नाही' म्हणायला अर्धा श्वास जास्त लागला.
स्पर्श कळणं कमी होईल कदाचित,
कदाचित जाईलच, परत येईलसं लिहून देत नाही.
लिहून देत नाही म्हणाली
म्हणून मला ती आवडली.

मग पेनाने कागदावर:
एक गोल, त्याखाली उभी रेघ,
तिच्या पायाशी आडवी, वाकडी.
"नांगर. असा व्रण राहतो."
माझा बाप चाळीस वर्षं नांगर टाकत आणि उचलत होता,
मला आकार ओळखीचा.
पण एक नांगर जागा धरून ठेवतो
आणि एक जागा उकरतो.
यातला कुठला, ते विचारायचं राहूनच गेलं.

शनिवारी तलावावर आईबरोबर.
पाण्यात उतरण्याआधी उघड्याने अंघोळ, हा नियम,
कुणी कुणाकडे बघत नाही, हा दुसरा.
मी बघितलं.
आईने साबणाचा हात घालायला स्तन उचलला,
जसा पलंग सरकवून खालची धूळ काढतात.
खाली लाल, खरबरीत पट्टा.
किती वर्षांचा, देव जाणे.
"आपल्या घरात असंच असतं," ती म्हणाली,
"मी कधी तक्रार केली नाही."
आणि पुढे काहीच बोलली नाही,
म्हणजे तिलाही ऐकू आलं असणार.

ब्रिएत चौदाची. परवापासून
खांदे पुढे ओढून चालते, वही छातीशी धरून.
मी कापून घेतले, तर तिला काय सांगितल्यासारखं होईल?
नाही घेतले, तर?
वीज गेलेल्या त्या वादळी आठवड्यात
घरात ऊब होती ती एवढीच,
आणि ती पोर हिला चिकटून झोपायची
डाव्या बाजूला. नऊशे दहा.

एय्विन्दुर म्हणतो, तू ठरव.
चांगला आहे तो.
पण दोन शब्द मासळीच्या काट्यावर ठेवले
तर काटा हलायचाही नाही.

मला पळायचंय, असं काही नाही.
मला पोटावर झोपायचंय.
उराउरी भेटताना
समोरच्याच्या आधी माझंच काहीतरी पोचू नये,
पोचले तर मी पोचावं.
एवढ्यासाठी माणसाने अंगावर सुरी घ्यावी का,
हा प्रश्न आरशाला विचारत नाही मी,
तो सगळ्यांना हो म्हणतो.

जानेवारीच्या शेवटी ऊन डोंगरावरून खाली आलं,
आमच्या पायरीवर चार मिनिटं.
शेजारच्या घरातून धिरड्यांचा वास.
मी स्वेटर घेऊन बसले होते, करड्या लोकरीचा, माझाच.
खालून विणत छातीशी आणलाय.
इथे दरवेळी बारा टाके वाढवते,
न मोजता, वीस वर्षं.
सुया थांबल्यात.

फॉर्म टेबलावर आहे, वर कपाचा गोल डाग.
शुक्रवारपर्यंत कळवायचं.
ठरलं, असं नाही.
पण आजची चौथी
पाकिटातच आहे अजून.